माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेब आणि लुटल्या गेलेल्या माणसाची भरपाई



मुंबई इलाख्याच्या जुन्या गव्हर्नरांपैकी ज्यांचे नाव खेड्यापाड्यांतही अद्याप ऐकू येते, असे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होत. त्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे. रेल्वेच्या ज्या स्थानकास २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात, त्याचे जुने नाव मात्र त्यांचे नव्हे, त्यांच्या पुतण्याचे होते. तो पुतण्याही पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. शाळा-पुस्तकांचे पुरस्कर्ते म्हणून साहेबांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. आम्ही येथे त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू सांगणार आहो. ज्याला दरोडेखोराने लुटले किंवा मारहाण करून अधू केले, त्याचे नुकसान कोणी भरून द्यावे, या प्रश्नाविषयी आमच्या देशात जी जुनी वहिवाट होती, ती कागदावर उतरवून ठेवण्याचे काम त्यांच्या हातून झाले आहे.

प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. समजा, भिवंडीतील एक यंत्रमाग-कामगार आठवड्याची मजुरी खिशात घालून रात्री धामणकर नाक्यावरून घरी निघाला आहे. वाटेत कोणी अनोळखी इसम त्यास गाठतो, सुरा मारतो, पैसे हिसकावून नाहीसा होतो. कामगाराचा हात कायमचा निकामी होतो. पोलीस चोर शोधतील. तो सापडला तर न्यायाधीश त्यास तुरुंगात घालतील. परंतु घरी चूल कशाने पेटावी? चोर तुरुंगात बसल्याने त्या हाताला पुन्हा बळ येत नाही, आणि चोर सापडलाच नाही तर तेवढेही समाधान नाही. या कामगाराच्या घरच्यांनी कोणाच्या दारी जावे, हे आमच्या मंडळ्यांतील फार थोड्या लोकांस ठाऊक आहे. ते सांगावयाचेच आहे. पण अगोदर साहेबांची हकीकत.

एल्फिन्स्टन साहेबांचा जन्म स्कॉटलंड देशात ६ ऑक्टोबर १७७९ रोजी एका सरदार घराण्यात झाला. धाकट्या मुलांस वडिलोपार्जित जहागिरीत वाटा मिळण्याची फारशी आशा नसे, म्हणून त्या काळी अशी मुले कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात येत. हेही १७९६ च्या आरंभी, वयाची सतरा वर्षे पुरी होण्याआधीच, कलकत्त्यास उतरले.

मनुष्याच्या हातून मनुष्याचा घात कसा होतो, हे त्यांस लवकरच पाहावे लागले. ते काशी येथे मॅजिस्ट्रेट डेव्हिस साहेबांच्या हाताखाली काम करीत असता, जानेवारी १७९९ मध्ये, अयोध्येचा पदच्युत नबाब वजीर अली याने आपल्या लोकांसह कंपनीच्या एजंटाच्या घरी जाऊन एजंट चेरी व आणखी काही इंग्रज यांस ठार केले. डेव्हिस साहेब एकटे भाला घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले व त्यांनी आपल्या कुटुंबाचा बचाव केला. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून निसटले, म्हणून वाचले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

पुढे १८०३ मध्ये ते असईच्या लढाईत जनरल वेलस्ली यांजबरोबर होते. मग नागपुरास भोसल्यांच्या दरबारी वकील झाले. काबूलच्या राजाकडे गेलेल्या वकिलातीचे ते प्रमुख होते. हे सर्व आम्ही थोडक्यात आटोपतो. १८११ मध्ये ते पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आले, आणि येथून त्यांचा संबंध आमच्या लोकांशी जडला तो अखेरपर्यंत.

पुण्यातील त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून. शास्त्रीबोवा बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी. पेशवे व गायकवाड यांच्यातील हिशेब मिटविण्यासाठी इंग्रजांनी हमी दिली, त्या हमीवर ते १८१४ साली पुण्यास आले. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरास विठोबाच्या देवळातून परतताना मारेकऱ्यांनी त्यांस रस्त्यात गाठून ठार केले. संशय पेशव्यांचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याजवर आला. एल्फिन्स्टन साहेबांनी त्यास स्वाधीन करण्याचा हट्ट धरला, तो पुरा करून घेतला, व त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले. भिवंडीहून ठाणे किती दूर हे वाचकांस सांगावयास नको. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून पळाला. किल्ल्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा होता. त्यांस मराठी कळत नसे. म्हणून एका मोतद्दाराने घोडा खरारता खरारता मराठी गाणी म्हणून त्रिंबकजीस बाहेरचा बेत कळविला, अशी कथा त्या काळापासून सांगत आले आहेत. या पळून जाण्यावरून जी तेढ वाढली, तिचा शेवट जून १८१७ च्या पुण्याच्या तहात झाला आणि त्या तहाने उत्तर कोकण कंपनीच्या ताब्यात गेले. भिवंडी, कल्याण या मुलखावर इंग्रजांचा अंमल बसला तो असा, एका खुनाच्या पाठोपाठ.

या प्रकरणाच्या हकिकती आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा एक गोष्ट आम्हांस खटकते. मारेकरी कोण, त्यांस कोणी पाठविले, कोणी पळविले, याविषयी पानेच्या पाने भरली आहेत. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्या घराविषयी दोन-चार ओळी. खुनाचा खटला हा राजाराजांतील मामला झाला म्हणजे मेलेल्याची बायकापोरे कडेला पडतात. मोठ्यांच्या घरी असे, तर धाकट्यांचे काय?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी मुळा-मुठेच्या संगमावरचा साहेबांचा बंगला लोकांनी लुटून जाळला. त्यांची ग्रंथांची मोठी आवड. ते सर्व ग्रंथ व कागदपत्र त्यात गेले. म्हणजे लुटल्या जाण्याचा अनुभव त्यांच्याही वाट्यास आला. तथापि हे साहेब केवळ मवाळ होते असे कोणी समजू नये. पेशवाई बुडाल्यावर पुण्यात इंग्रज अंमलदारांस मारून पेशव्यांस परत आणण्याचा कट उघडकीस आला, तेव्हा त्यांनी पुढाऱ्यांस तोफेच्या तोंडी दिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांस सुचविले की, या कृत्याबद्दल पुढे दोष लागू नये म्हणून सरकारकडून माफीचा कायदा मागून घ्यावा. त्यांनी नकार दिला. आपण चुकलो असलो तर शिक्षा व्हावी, आणि बरोबर असलो तर माफीची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हे उत्तर सरळ मनुष्याचे आहे, हे आम्ही कबूल करतो; ती शिक्षा मात्र आम्हांस क्रूर वाटते.

मुलूख जिंकल्यावर त्याची व्यवस्था लावण्याचे काम त्यांजकडे आले. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज आणि साताऱ्यास ग्रँट हे त्यांच्या हाताखाली होते. हेच ग्रँट पुढे मराठ्यांचे इतिहासकार ग्रँट डफ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडून जुन्या राज्यातील न्याय, पोलीस व वसूल यांची माहिती मागवून साहेबांनी ऑक्टोबर १८१९ मध्ये पेशव्यांपासून जिंकलेल्या मुलखाविषयी आपला अहवाल लिहून पुरा केला. नव्या राज्यकर्त्याने जुनी वहिवाट मोडण्याआधी ती समजून घ्यावी, हा त्यांचा बाणा होता. त्या अहवालातील पोलिसांविषयीचा भाग आमच्या प्रस्तुत विषयाचा आहे.

गावात चोरी झाली, दरोडा पडला, तर त्याची जबाबदारी पाटलावर, आणि पाटलाच्या हाताखालील जागल्यावर असे. जागल्या कोठे भिल्ल, कोठे रामोशी, कोठे महार किंवा मांग असे. त्याला इनाम जमीन व गावकऱ्यांकडून धान्याचा हक्क मिळे. त्याने रात्री गस्त घालावी, गावात कोण आला व गेला ते पाहावे, परक्यावर नजर ठेवावी, प्रत्येक घरच्या मनुष्याची चालचलणूक ओळखावी. चोरी झालीच, तर त्याने माग काढावा. माग आपल्या शिवेच्या बाहेर गेला, तर पुढच्या गावच्या जागल्यास शिवेवर बोलावून पाऊल दाखवावे. मग ओझे त्या गावाच्या डोक्यावर. असे करीत ज्या गावात माग थांबेल, ते गाव जबाबदार. आणि चोर मिळाला नाही, तर गेलेल्या मालाची किंमत जागल्याने भरून द्यावी. त्याची ऐपत संपेल तेथून पुढचे सगळ्या गावाने वाटून भरावे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याचे गेले त्याला ते परत मिळावे, चोर सापडो अथवा न सापडो, ही गोष्ट आमच्या देशात शेकडो वर्षे मान्य होती. जुन्या धर्मशास्त्रकारांनी तर हे राजाचे कर्तव्यच सांगितले आहे: चोर पकडता आला नाही, तर राजाने आपल्या खजिन्यातून द्यावे. याज्ञवल्क्यस्मृतीत हे आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहिले तर निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मार खाऊन अंथरुणास खिळलेल्या माणसाचे बुडालेले दिवस व औषधोपचार हे मारणाऱ्याने भरून द्यावे असे ठरविले आहे. आणि अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात, शेतात कोणी मारून टाकलेला आढळला व मारणारा ठाऊक नसला, तर वडीलजनांनी मोजमाप करून सर्वांत जवळचे नगर कोणते ते पाहावे, असे आहे. तेथे भरपाई नाही, परंतु रक्त सांडले ते कोणाच्या शिवेवर, हा प्रश्न तेथेही विचारला आहे. आमच्या जागल्याचा माग आणि इस्राएलाच्या वडिलांची दोरी यांत पुष्कळ साम्य आहे.

एल्फिन्स्टन साहेबांनी ही वहिवाट वर्णिली, पण डोळे मिटून वाखाणली नाही. त्यांनी स्पष्ट म्हटले की, असा भरणा वसूल करणे उघड अन्यायाचे आहे. कारण गावास चोरी थांबविण्याचे सामर्थ्य नसेल आणि भरून देण्याची ऐपतही नसेल. म्हणून पुरी रक्कम क्वचित प्रसंगीच घेत, पण काही तरी दंड बहुधा घेत असत. हयगय किंवा संगनमत दिसले, तर पाटलाचे अथवा जागल्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगास देत, किंवा त्यास बेडी घालीत, मारही देत. इतके असूनही त्यांनी ही जबाबदारी आवश्यक मानली. कारण जागल्या पुष्कळदा स्वतःच चोर असे, आणि पाटीलही वाट्याच्या आशेने चोरांस थारा देई. रोगाची व औषधाची अशी दोन्ही बाजूंनी पारख करणारे लेखक थोडे.

आम्ही मात्र एक गोष्ट पुढे जाऊन सांगू. हा भरणा प्रथम कोणाच्या अंगावर येई? गावातील सर्वांत गरिबाच्या. वाड्यातील सावकाराचे सोने गेले, तर कुडाच्या झोपडीतील जागल्याने ते द्यावयाचे! आमच्या मंडळ्यांतील कितीएक कुटुंबांच्या पूर्वजांनी ही जागल केली आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने मोडली तोवर ती चाकरी चालू होती. त्यांच्या घरी आजही जुन्या जागलीच्या कथा निघतात. भरपाईचे तत्त्व खरे होते. ती ज्याच्या ताटातून काढली जाई तो मनुष्य चुकीचा होता. शिवाय साहेबांनीच लिहून ठेविले आहे की, बाजीरावाच्या वेळी मामलती मक्त्याने जाऊ लागल्या, तेव्हा मामलेदार गुन्हेगारांकडून पैसा घेऊन त्यांस सोडू लागले. म्हणजे मारणाऱ्याचा दंड मामलेदाराच्या पेटीत आणि मार खाणारा दारात उभा.

१८१९ च्या नोव्हेंबरात साहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. आठ वर्षांत त्यांनी केलेली विद्येची कामे प्रसिद्ध आहेत. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, मुंबईत मराठी व गुजराती शालेय पुस्तके छापविण्यास त्यांनी हातभार लावला. न्यायखात्यात त्यांचे मोठे काम म्हणजे १८२७ चे कायदे. इलाख्यातील विखुरलेले नियम एकत्र करून, निवडून, सोप्या क्रमाने सत्तावीस रेग्युलेशनांत बसविले. त्यांतील चौदावे गुन्हे व शिक्षा यांविषयी होते, व ते १८६२ मध्ये दंडसंहिता लागू होईपर्यंत चालले. साहेबांनी बेंथम नावाच्या इंग्रज पंडिताचे ग्रंथ वाचले होते. त्या पंडिताचे मत असे की, गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याचे समाधान करणे हा न्यायाचा भाग आहे, आणि गुन्हेगार निर्धन असेल तर ते सार्वजनिक खजिन्यातून करावे. परंतु बेंथमच्या देशातही ते त्या वेळी कोणी ऐकले नाही. पगारी पोलीस आले, तुरुंग आले, कोर्टे आली; गावाने भरून देण्याची रीत हळूहळू मागे पडली. जागल्याच्या डोक्यावरचे अन्यायाचे ओझे उतरले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच्याबरोबर लुटलेल्याचा हक्कही उतरून गेला. गुन्हा हा सरकारविरुद्ध झाला असे धरावयाचे, सरकारने फिर्याद चालवावयाची, दंड सरकारने घ्यावयाचा. आणि ज्याचा हात तुटला त्याने साक्ष देऊन भाडे पदरचे खर्चून घरी जावयाचे.

१८२७ च्या अखेरीस साहेब हिंदुस्थान सोडून गेले. गव्हर्नर-जनरलची जागा त्यांस दोनदा देऊ केली होती. प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी ती घेतली नाही. १८४१ मध्ये त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यांनी लग्न केले नाही. सरे परगण्यात हूकवूड येथे पुस्तकांच्या संगतीत त्यांचे उतारवय गेले, आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. एंशी वर्षांचे आयुष्य त्यांस लाभले.

त्यांनी कागदावर नोंदविलेला प्रश्न पुढे शंभर वर्षे कोर्टांच्या दाराबाहेर राहिला. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, आरोपीस दंड झाला आणि तो वसूल झाला तर त्यातून दुखावलेल्यास काही देता येईल, एवढी तरतूद होती. दंडच नाही तर काही नाही. विलायतेतही हीच स्थिती. तेथे मार्जरी फ्राय नावाच्या बाई होऊन गेल्या. क्वेकर पंथाच्या एका न्यायाधीशाच्या त्या कन्या. सारा जन्म त्यांनी कैद्यांची स्थिती सुधारण्यात घालविला, व अखेरीस, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १९५७ मध्ये, ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांची बाजू वर्तमानपत्रात मांडली. त्यांनी दिलेला दाखला विलक्षण आहे. मारहाणीत एक मनुष्य आंधळा झाला. कोर्टाने त्यास ११,५०० पौंड भरपाई ठरविली. दोघा मारणाऱ्यांनी प्रत्येकी आठवड्यास ५ शिलिंग द्यावे असा हुकूम झाला. बाईंनी हिशेब केला की, शेवटचा हप्ता हाती पडण्यास त्या आंधळ्याला आणखी ४४२ वर्षे जगावे लागेल! वाचकांनी वाटल्यास स्वतः गणित करून पाहावे. १९५८ मध्ये बाई वारल्या. १ जानेवारी १९६४ पासून न्यूझीलंड देशाने अशा पीडितांस सरकारी खजिन्यातून भरपाई देण्याचा कायदा अमलात आणला, आणि त्याच वर्षी इंग्लंडानेही तशी योजना सुरू केली.

आमच्या देशास आणखी वेळ लागला. मध्यंतरी जुन्या गाव-जबाबदारीचा एक अवशेष १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात राहिला: दंगलीत जाळपोळ झाली, कोणी मेला अथवा जबर जखमी झाला, तर भरपाई त्या वस्तीच्या रहिवाशांवर कर बसवून घेता येते. भिवंडीने मे १९७० ची दंगल पाहिली, जिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. मे १९८४ ची पाहिली. ज्या गल्लीत अर्ध्या लोकांची घरे जळाली, त्याच गल्लीवर कर बसवून भरपाई उभारणे म्हणजे पुन्हा जागल्याच्याच ताटात हात घालणे होय, असे आमचे मत आहे.

१९७३ च्या कायद्याने दंड झाला नसतानाही आरोपीकडून भरपाई देवविण्याचा अधिकार कोर्टास दिला. तो अधिकार कोर्टे क्वचितच वापरीत. मे २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भरपाईचा विचार करणे हे प्रत्येक फौजदारी कोर्टाचे कर्तव्य आहे व ती का दिली अथवा का दिली नाही याची कारणे लिहिली पाहिजेत. परंतु खरा पालट त्याआधी, ३१ डिसेंबर २००९ रोजी झाला. त्या दिवसापासून ३५७-अ हे नवे कलम अमलात आले. प्रत्येक राज्य सरकारने गुन्ह्यात नुकसान सोसलेल्यांसाठी व त्यांच्या अवलंबितांसाठी निधी ठेवावा, असे त्याने ठरविले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे. महाराष्ट्र सरकारने २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अॅसिड हल्ला यांतील पीडितांसाठी मनोधैर्य योजना काढली, आणि २०१४ मध्ये सर्वसाधारण पीडित भरपाई योजना केली. अॅसिडने भाजलेल्यास निदान ३ लाख रुपये मिळालेच पाहिजेत, व त्यांपैकी १ लाख पंधरा दिवसांच्या आत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा हुकूम आहे.

आता धामणकर नाक्यावरील आमच्या त्या कल्पिलेल्या कामगाराकडे वळू. त्यास सुरा मारणारा सापडला नाही, कोर्टात खटलाच उभा राहिला नाही, तरी त्याचा हक्क बुडत नाही. मारणारा अज्ञात व मार खाणारा ज्ञात, अशा स्थितीत त्याने अथवा तो मेला असल्यास त्याच्या अवलंबितांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, असे कलमातच लिहिले आहे. भिवंडीकरांस हे प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. अर्ज आल्यावर दोन महिन्यांच्या आत चौकशी पुरी करून रक्कम ठरवावी, असे बंधन आहे. खटला चालून आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी कोर्ट शिफारस करू शकते. आणि तातडीची गरज असेल, तर पोलीस ठाण्याच्या मुख्य अंमलदाराच्या दाखल्यावरून फुकट औषधपाणी किंवा अंतरिम साह्य देण्याचा हुकूम प्राधिकरणास करता येतो.

आमच्या मंडळ्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविषयी १९८९ चा कायदा व १९९५ चे नियम आहेत, आणि त्यांत पीडितास सरकारी साह्य ठरवून दिले आहे. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत ख्रिस्ती लोकांची गणना होत नाही; आदिवासींस मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे महारवाड्यातील अगर मांगवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबावर गावगुंडांनी हल्ला केला, तर कचेरीत त्यांस त्या नियमांखाली काही मिळत नाही, आणि मग आपणांस कायद्यात जागाच नाही अशी समजूत करून घेऊन ते घरी बसतात. ही समजूत खोटी आहे. पीडित भरपाईचे कलम जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही. गुन्ह्याने नुकसान झाले काय आणि पुनर्वसनाची गरज आहे काय, एवढेच विचारते. ही भरपाई जागल्याच्या इनामातून येत नाही, शेजाऱ्यांवरील करातून येत नाही. ती राज्याच्या निधीतून येते.

अर्ज करणाऱ्याने पोलिसांनी नोंदविलेल्या फिर्यादीची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. इस्पितळाचे कागद, औषधांच्या पावत्या, मजुरी बुडाल्याचा पुरावा, मृत्यू झाला असल्यास त्याचा दाखला, आणि अवलंबितांची नावे जोडावीत. अर्जाची मुदत योजनेत ठरविलेली असते, म्हणून जखम भरून येईपर्यंत वाट पाहू नये. स्त्रियांस व मुलांस, मिळकत कितीही असो, प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. जो उपदेशक बंधू लिहिणे-वाचणे जाणतो, त्याने आपल्या मंडळीतील अशा घरी जाऊन अर्ज लिहून द्यावा व ठाण्यास त्यांच्याबरोबर एकदा जावे. कचेरीच्या पायऱ्या एकट्याने चढणे विधवेस फार जड जाते.